माश्यांना ऐकू जाऊ नये म्हणून

निकानोर आणि बार्तोला भांडायला निघाले की अख्ख्या गावाला कळायचं. तो पुढे, खांद्याला पाण्याचा भोपळा अडकवलेला. ती मागे, डोक्यावरून शाल, ओठ घट्ट मिटलेले. विहिरीवरून, क्रुसाच्या देवळावरून, शेवटच्या घराच्या दगडी गडग्यावरून दोघं जंगलाच्या कडेपर्यंत चालत जायचे. तिथे हाबीनचं एक जुनं झाड आहे. वाटेत कुणी विचारलंच, "काय तात निकानोर, कुठे एवढ्या उन्हाचं?" तर तो शांतपणे सांगायचा, "जरा बोलायचंय." मग विचारणारा बाजूला व्हायचा, कारण मागून येणाऱ्या बार्तोलाच्या डोळ्यांकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या चुनहाबीनमध्ये नवरा-बायकोची भांडणं काही कमी नाहीत. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, क्रिसांतोचं, भांडण तर शेजारच्या गावातल्या कुत्र्यांनाही पाठ आहे. पण आम्ही आपले जिथल्या तिथे भांडतो, चुलीपाशी असू तर चुलीपाशी, शेतात असू तर शेतात. भांडायला म्हणून एवढी पायपीट करणारं जोडपं ते एकच. कारण त्यांच्या अंगणात शुनान काब होत्या.

शुनान काब म्हणजे बाईसाहेब मधमाश्या. त्या पोकळ ओंडक्यात राहतात. ओंडक्याच्या मधोमध बोटभर भोक, त्यात एक राखणदार माशी डोकं काढून बसलेली. यांना डंख नसतो. कुणी त्रास दिला तरी चावता येत नाही, म्हणून त्या एकच गोष्ट करतात: निघून जातात. ज्या घरात वरच्या पट्टीत बोलणं चालतं त्या घरात त्या राहत नाहीत. एका सकाळी बघावं तर भोकात राखणदार नाही, आणि ओंडक्यावर टिचकी मारली तर आत सगळं मोकळं. माझ्या सासूचे चार ओंडके असेच गेले. क्रिसांतो म्हणतो ते माझ्यामुळे. मी म्हणते त्याच्या आईमुळे. तो विषय असो.

निकानोरच्या माश्या मात्र गावाइतक्याच जुन्या. खरं तर गावच त्यांच्यामुळे झालं. आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळात लढाई झाली, हसिएंदांवरून, मालकांच्या मोठ्या मळ्यांवरून, माणसं पळाली, मागे शिपाई लागले. पळताना कुणी क्रूस घेतला फडक्यात गुंडाळून, कुणी मक्याचं बी घेतलं. निकानोरच्या खापरपणजीने पाठीवर माश्यांचा ओंडका घेतला, त्याची पट्टी कपाळाला लावली आणि पोटाशी तान्हं मूल. तिला सगळे हसले. पण जंगलात शिरल्यावर हसू बंद झालं, बोलणं बंद झालं, मुलांच्या तोंडाला स्तन आणि म्हाताऱ्यांच्या तोंडाला हात. अशी कित्येक दिवस चालणारी ती मुकी माणसं, आणि त्यांच्यात आवाज करणारं एकच काही, तो पाठीवरचा ओंडका, मंद गुणगुणणारा. एका संध्याकाळी बाईने ओंडका टेकवला तेव्हा माश्या बाहेर पडल्या आणि सगळ्या एकाच दिशेला गेल्या. माणसं त्यांच्यामागे गेली. तिथे झाडोऱ्यात झाकलेली ही आपली विहीर. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा मला कायम वाटायचं की मीही त्या रांगेत होते, कुणाच्या तरी कडेवर झोपाळलेली, आणि ते गुणगुणणं मी ऐकलंय. अजूनही दुपारी डोळा लागताना कधी कधी ऐकू येतं.

तर अशा घरात बार्तोला सून म्हणून आली. ती बाहेरगावची, हसरी आणि खणखणीत आवाजाची. तिच्या माहेरी एकमेकांना हाका मारायच्या त्या टेकडीवरून टेकडीवर. लग्नाला आठवडा नाही झाला तोच घेवड्याच्या कालवणात मीठ कुणी दोनदा घातलं यावरून तिचा आवाज चढला. निकानोरने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही, की तो रागावला नाही. त्याने तिचा हात धरला, भोपळ्यात पाणी भरून घेतलं आणि तिला चालवत हाबीनच्या झाडाखाली नेलं. तिथे सावलीत बसवून म्हणाला, "हं, आता बोल."

बार्तोला मला सांगायची, "साबिना, तुला सांगते, तिथे पोचेपर्यंत मला आठवेचना मी कशावर चिडले होते. नुसतीच बसले. एक इग्वाना आमच्याकडे बघत होता. मग निकानोर म्हणाला, मीठ मीच घातलं होतं दुसऱ्यांदा. आणि मग मला खरा राग आला."

पुढे ती शिकली. निखारा राखेत पुरून नेतात तसा राग जपून झाडापर्यंत कसा न्यायचा ते तिला जमलं. तरी पुष्कळसा वाटेत सांडायचाच. परत येताना बरेचदा दोघं पुढे-मागे नसायचे, बरोबरीने यायचे आणि त्याच्या हातात सरपणाची मोळी असायची.

निकानोर माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता, म्हणून मी त्याला अरेतुरेच करते. गाव त्याला तात निकानोर म्हणायचं. बारीक आवाजाचा, पायांचा आवाज न करणारा माणूस. कुणाच्या दारात येऊन उभा राहिला तरी घरातल्यांना पत्ता नसायचा, मग बायका दचकायच्या आणि त्याला शिव्या घालायच्या. मध काढताना त्याच्या हातून एखादी माशी मेली तर तो तिला पानात गुंडाळायचा आणि झाडाच्या बुंध्याशी पुरायचा. कुणाच्या डोळ्यांवर पडदा आला, कुणी बाळंतीण झाली, तान्ह्याचा खोकला थांबेना, की माणसं त्याच्याकडे. तो एवढासा मध द्यायचा, पातळ, आंबूस, आणि म्हणायचा, "मी नाही दिला, त्यांनी दिला." दुपारी माश्यांच्या छपराखालीच त्याची निजायची झोळी बांधलेली असायची. वर माडाच्या झावळ्या, बाजूला एकावर एक रचलेले ओंडके, आणि तो त्या गुणगुणण्यात पडून राहायचा, जागा की झोपलेला ते बार्तोलालाही सांगता यायचं नाही. त्या वेळी त्या अंगणात पाऊल टाकलं की आपलेही डोळे जड व्हायचे, शेळ्यासुद्धा पाय मुडपून बसायच्या. मी किती तरी वेळा कामाला म्हणून गेले आणि गडग्याला टेकून तशीच बसून राहिले. काय काम होतं ते घरी आल्यावर आठवायचं.

त्यांना एकच मुलगी, फिदेलिया. आम्ही फिदे म्हणायचो. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा तिला पहिल्यांदा कडेवर घेतलं ते मी. आमच्याकडे त्याआधी मूल आडवंच धरतात, आणि जी त्याला पहिल्यांदा कडेवर घेते ती त्याची धर्माची आई होते. मी तिला घेऊन टेबलाभोवती फिरले, तिच्या मुठीत सुई दिली, वरवंट्याला तिचा हात लावला. तेव्हापासून निकानोर मला कोमाद्रे म्हणायला लागला आणि मी त्याला कोंपाद्रे. पोरगी बापासारखी हलक्या पायांची आणि आईसारखी हसरी. बापाच्या मागे मागे ओंडक्यांपाशी उभी राहायची, राखणदार माशीशी बोलायची, "काय गं, आज मला आत घेतेस का?"

मग पेतो शहराच्या रस्त्याला बाहेरच्या कुणी पपईचा मळा केला. तिथे पाठीवर पंप घेऊन औषध मारायचे. त्या वर्षी निकानोरचे निम्मे ओंडके मुके झाले. माश्या उडत यायच्या आणि भोकापर्यंत पोचायच्या आधी पडायच्या. पानं पुरेनात म्हणून त्याने शेवटी आपला सदरा फाडला. झाडाच्या बुंध्याशी मुठीमुठीने माती टाकणारा तो माणूस मला अजून दिसतो. आणि त्याच वर्षी फिदे त्या मळ्यावर पंप मारणाऱ्या आबुंदियोबरोबर निघून गेली. मागणी घालायला कुणी आलं नाही, पाव नाही, चॉकलेट नाही, दारूची बाटली नाही. सकाळी तिची झोळी रिकामी होती, बस.

त्या दिवशी निकानोर आणि बार्तोला झाडाकडे गेले तेव्हा मी तिथेच मागे लाकडं गोळा करत होते. मुद्दाम नव्हते गेले. बरं, थोडी मुद्दाम गेले होते, माझी धर्माची पोर होती ती. निकानोरचा आवाज मी आयुष्यात एकदाच चढलेला ऐकला, तो तेव्हा. "जोवर माझ्या माश्या माझ्या अंगणात आहेत," तो म्हणाला, "तोवर तिचं पाऊल तिथे पडायचं नाही. त्यांची शपथ."

बार्तोला खालीच बसली. लाकडं माझ्या हातातून गळाली, पण दोघांपैकी कुणीही वळून बघितलं नाही.

शपथ कुणाची घ्यावी याला काही धरबंध असतो की नाही. क्रुसाची घ्यावी, तो ऐकून घेतो आणि पुढे मेणबत्तीवर मिटवताही येतं. पण माश्यांची शपथ मोडली तर त्या जगत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढची सगळी वर्षं ती दोघं झाडाखाली हेच बोलायला जात राहिली. बार्तोला म्हणायची, "शब्द मागे घे." निकानोर म्हणायचा, "घेईन. आणि भोगायचं कुणी? मी नाही, तू नाही. त्यांनी." मग ती उठून घराकडे चालू लागायची.

बार्तोला मिरच्या विकायच्या निमित्ताने पेतोला जायची आणि पोरीला भेटून यायची. आबुंदियोने पंप सोडला आणि तो विटा पाडायला लागला. फिदेला मुलगे झाले. हे सगळं निकानोरला कळायचं. तो "बरं" म्हणायचा आणि ओंडक्यांकडे जायचा. भोकाला कान लावून उभा राहायचा. मला त्याचा राग यायचा, आणि राग आला की मी बोलते. एकदा त्याच्या अंगणात उभी राहून कुजबुजत म्हणाले, "कोंपाद्रे, तुझं काळीज मेणाचं आहे म्हणे. ते वितळत कसं नाही?" त्याने आत जाऊन मला पिण्यासाठी पाणी आणून दिलं.

मग मक्याची ताटं मोडून वाकवायच्या दिवसांत निकानोरच्या अंगावरून वारं गेलं. शेतातून त्याला झोळीत घालून आणला. डावा हात-पाय गेलेला, तोंड वाकडं. आमचा जाणता आला, पाल्याने झाडून गेला. दवाखान्याचा डॉक्टर आला, गोळ्या देऊन गेला. दोघांनीही जाताना बार्तोलाच्या तोंडाकडे बघितलं नाही. निकानोर घरात निजायला तयारच होईना, तेव्हा त्याची झोळी पुन्हा माश्यांच्या छपराखाली बांधली. त्याला चार घोट पेज पाजायला मी रोज दुपारी जायचे. त्याचे शब्द सावकाश यायचे, जीभ एखाद्या ओल्या चिंधीसारखी झाली होती.

एका दुपारी तो म्हणाला, "कोमाद्रे, मी काल आत गेलो होतो."

"कुठे आत?"

"ओंडक्यात." डोळे मिटलेले, पण तो झोपेत नव्हता. "राखणदाराने वाट दिली. आत ऊब आहे गं. अंधार आहे पण काळा नाही, मधाच्या रंगाचा. मेणाचे रांजण, माझ्या उंचीचे. मी चालतोय, दोन्ही पायांनी. आणि बाहेर तू बोलत होतीस, तुझंच बोलणं, नुसतं ‘पाणी हवं का’ एवढंच. पण आतून ते कसं ऐकू येतं ठाऊक आहे? आभाळ गडगडतं तसं."

"म्हणजे माझ्या घरातून त्या पळाल्या त्यात नवल नाही," मी म्हणाले.

तो अर्ध्या तोंडाने हसला. शेळी रवंथ करत होती. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "तिथे बाई होती. पांढरा झगा, पिवळी कड. मला विचारलं, तुझं लेकरू कुठंय."

"मग?"

"मला काही सांगता येईना. मी तिथेच उभा राहिलो." त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानात गेलं. "मला फिदेला बघायचंय, कोमाद्रे. मरायच्या आधी ती या अंगणात यायला हवी. पेतोत नाही, रस्त्यावर नाही. इथे."

मी म्हणाले, "मग शपथेचं काय?"

"ओंडके घेऊन जा."

"काय?"

"सगळे. शपथ अंगणाची आहे. शपथ मोडली तर त्या मरतील. त्याच इथे नसल्या तर ती मोडणारच नाही. आज तुझ्या घरी ने. मग ट्रक मिळाला की तुझ्या भावाच्या गावी. लांब."

बार्तोला कणकेच्या हातांनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आली, आणि मग आम्ही तिघं त्या छपराखाली जे भांडलो ते सगळं कुजबुजत. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं आम्ही प्रार्थना म्हणतोय.

"हिच्या घरी?" बार्तोला म्हणाली. "हिच्या घरात मांजर टिकत नाही."

"मांजर म्हातारं झालं होतं," मी म्हणाले.

"तू गप्प बस. निकानोर, अरे, मी आयुष्यभर आवाज गिळला तो कुणासाठी? घरात मोकळेपणी रडलेसुद्धा नाही. आता त्या दुसऱ्याला उचलून द्यायच्या? तुझ्या खापरपणजीने पाठीवरून आणल्या त्या?"

"फिदे नको का तुला?"

"मला फिदे हवी!" ती पुटपुटली. "मला सगळंच हवं. मला काय एकच हवं असायला पाहिजे असा नियम आहे?"

निकानोरने चांगला हात पुढे केला. तिच्या मनगटावरची कणीक वाळत चालली होती, ती तो नखाने खरवडू लागला. "बार्तो," तो म्हणाला, "मला आता झाडापर्यंत जाता येत नाही. तुला जे बोलायचं राहिलंय ते तू कुठे बोलणार?"

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने भाकऱ्या थापण्याचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जोरात. म्हणजे तिचं ‘हो’ होतं.

क्रिसांतोने मिरच्यांच्या ट्रकवाल्याकडे पेतोला निरोप धाडला: बाप बोलावतोय, ये. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर आम्ही एकेका भोकाला पानाची गुंडाळी लावली. गावातले पुरुष आले, दोघं दोघं मिळून एकेक ओंडका खांद्यावर घेतला. बोला म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि बोलू नका म्हणूनही नाही, पण कुणी बोललं नाही. बायकांनी मुलं जवळ घेतली. चूल, विहीर, देऊळ मागे टाकत ती रांग गावातून गेली, निळसर धुरातून, आणि प्रत्येक ओंडका आतून गुणगुणत होता. म्हातारा एउफेमियो दारात टोपी काढून उभा राहिला. मी सगळ्यात मागे होते, आणि मला खरंच कळेना की आम्ही गावात चाललोय की अजून गाव व्हायचंय. निकानोरने मान वळवून शेवटचा ओंडका गडग्याबाहेर जाईपर्यंत बघितला. मग तो छताकडे बघत राहिला.

मी परत आले बार्तोलाला सोबत म्हणून. छपराखाली नुसते लाकडाचे खुंट आणि ते रिकामेपण. कानाला कसलं तरी दडपण आलं होतं, विहिरीत बुडी मारल्यावर येतं तसं.

"हं," निकानोर म्हणाला. "आता बोल. इथेच."

बार्तोला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने श्वास भरून घेतला. गडग्यापलीकडे शेजारणी जमल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोलू, आम्हा सगळ्यांनाच ऐकायचं होतं. तिने तोंड उघडलं. आणि आवाज चढेचना. इतक्या वर्षांत त्या अंगणात ओरडायचं कसं तेच ती विसरली होती.

"मीठ," ती अगदी हळू म्हणाली. "ते मीठ तू घातलं नव्हतंस. मीच घातलं होतं. तू खोटं बोललास."

"हो," निकानोर म्हणाला.

"फिदेच्या थोरल्याचे दात तुझ्यासारखे आहेत. पुढचे दोन, एकावर एक चढलेले. मला दर वेळी सांगायचं असायचं. पण तुझ्यावर चिडल्याशिवाय सांगता आलं नसतं, आणि झाडापर्यंत जाईस्तोवर ते वाटेत कुठे तरी पडायचं. तो पाच वर्षांचा झाला, निकानोर. तू त्याचे दात बघितले नाहीस. आता ते पडतील आणि दुसरे येतील."

"अजून बोल," निकानोर म्हणाला.

ती त्याच्या झोळीच्या काठावर बसली आणि बोलत राहिली, हळू आवाजात, अंधार पडेपर्यंत. शेजारणींना काही ऐकू जाईना, त्या कंटाळून घरी गेल्या. मीही उठले.

सकाळी मी निकानोरकडे पेज घेऊन आले आणि गडग्यापाशीच थांबले. माश्या परत आल्या होत्या. छपराखाली, जिथे ओंडके होते तिथे, त्या हवेत तरंगत होत्या, रांगांच्या वर रांगा, प्रत्येक रांग आपापल्या भोकाच्या उंचीवर. ओंडके नव्हते, पण माश्या त्यांच्या जागी बरोबर उभ्या होत्या. कोवळं ऊन त्यांच्यातून येत होतं. मध्ये झोळीत निकानोर, आणि त्याच्या छातीवर, कपाळावर, मेलेल्या हातावर माश्या. इतकं सुंदर मी पुन्हा काही बघितलं नाही, आणि फिदे वाटेवर होती.

मी धावत घरी गेले. क्रिसांतो अंगणात उभा, हातात पानांच्या गुंडाळ्या. "आत तडफडत होत्या गं," तो म्हणाला. "मला बघवेना. तू पेज करत होतीस, म्हटलं जरा हवा मिळू दे. तर सगळ्या सरळ तिकडेच." त्याला फाडून खावंसं वाटलं, पण ओरडता येईना, कारण राखणदार माश्या भोकांतून माझ्याकडेच बघत होत्या. मी त्याच्या दंडाला धरून कानात जे काही बोलले त्याने तो अजून दुखावलेला आहे.

परत आले तर पेतोहून मिरच्यांचा ट्रक येऊन गेला होता. फिदे गडग्याबाहेर उभी होती. अंगाने भरली होती, केसांत बापासारखी अकाली पांढरी बट. हातात चॉकलेटची पुडी, पाव फडक्यात बांधलेला. इतक्या वर्षांनी का होईना, मागणीचं सामान घेऊन आली होती पोर. निरोप मिळाला तरी बापाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती आत पाऊल टाकणार नव्हती. बार्तोला दारात होती, दोन्ही हात तोंडावर. तिला माश्या दिसत होत्या. तिला शपथ ठाऊक होती. पोरीला फक्त बंदी ठाऊक होती, शपथेचे शब्द आम्ही कुणी तिला कधी सांगितले नव्हते.

"ताता," फिदे म्हणाली. "ओंडके कुठे गेले?"

"दिले."

"का?"

"कंटाळा आला त्यांचा."

फिदेने मान हलवली. म्हातारा, आजारी माणूस, तिला पटलं ते. मग तिची नजर त्याच्या छातीवर गेली, हातावर गेली, त्याच्याभोवती तरंगणाऱ्या त्या रांगांवर गेली. "आणि या?"

निकानोरने त्यांच्याकडे बघितलं. सावकाश बघितलं, एकेक रांग. गावाच्या दुसऱ्या टोकाहून त्या त्याला शोधत आल्या होत्या. त्याचा हट्ट मला ठाऊक होता. मला वाटलं, आता हा पोरीला म्हणणार, थांब, ओंडके लांब न्यायला ट्रक मिळू दे, दोन दिवसांनी ये. आणि दोन दिवस त्याच्याकडे होते की नाही ते कुणाला ठाऊक होतं.

"या माझ्या नाहीत," तो म्हणाला. शब्द नीट उमटले नाहीत म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावे लागले. "माझ्या नाहीत या. साबिनाच्या आहेत. तू आत ये."

फिदे आत आली. त्याने आम्हाला झोळी दुसरीकडे तोंड करून बांधायला लावली. दिवसभर माश्या त्या छपराखाली आपलं दार शोधत राहिल्या, आणि निकानोर त्यांच्याकडे पाठ करून पोरीशी बोलत राहिला.